अस्की मणजे कोण कोण?

गोदाक्कासमोर 'अस्की' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं 'सगळी'ला 'अस्की' म्हणतो. तो शब्द तोंडातून पडला रे पडला, की ही बाई चष्म्यावरून बघत विचारणार, "अस्की मणजे कोण कोण गे?"

कुंभकोणमच्या एका रेशमी साड्यांच्या दुकानात मी लग्नाच्या साड्यांचं काउंटर सांभाळायची. गोदाक्का आली नोकरमाणसांची देखरेख करायला. मालकांनी तिला चेन्नैला एका वर्गाला पाठवलं होतं. कामाच्या जागी रंग, जात, भाषा बघून माणसाला मागे ढकलतात, ते कसं ओळखायचं, असलं काहीतरी. बाकीचे असल्या वर्गाला जातात, जेवतात, परत येतात. हिनं परत आल्यावरही सोडलं नाही. साठी उलटलेली बाई, बसमध्येसुद्धा फोन कानाला लावून त्याच विषयावरची भाषणं ऐकायची. मला तर खात्रीच होती, की ही मालकांचा कान आहे. नाहीतर कोण कुठे बसून जेवतं, याच्याशी हिला काय करायचंय?

एकदा दुपारी मी म्हटलं, "चला, अस्की जेवली."

"कोण कोण?"

"अस्की गे बाई! हजेरी घेऊ?"

"सेल्वी?"

सेल्वी जवळच्याच साक्कोट्टै गावची. गोदामात घड्या घालायची आणि तिथंच खोक्यांमागे डबा उघडायची. मी म्हटलं, "तिला तिथंच आवडतं."

"तिनं सांगितलं, की तू ठरवलंस?"

मी डबा धुवायला उठले.

सेल्वीला माझ्या काउंटरवर यायचं होतं. तिथली मुलगी आरशापुढे साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवते. पण मालक म्हणत, "तिथं कलर पाहिजे." आमच्याकडे गोऱ्या माणसाला 'कलर' म्हणतात. सावळ्याला जसा काही रंगच नसतो.

मग दुकानाच्या नव्या फलकासाठी फोटो काढला. मालकांनी सेल्वीला भारी साडी नेसवून मधोमध उभं केलं. खाली लिहिलं, 'इथे सगळे समान'. पोरींनी टाळ्या वाजवल्या. गोदाक्का तेवढी फोटोकडे न बघता सेल्वीकडे बघत होती. सेल्वीनं साडी उतरवली, घडी घातली आणि गेली गोदामात.

गोदाक्का थेट मालकांपुढे. "फोटोत मधे आणि दुकानात मागे? तिला पुढे आणा, नाहीतर फलक उतरवा."

"गिऱ्हाईक तुटलं तर, अम्मा?"

"तर मला काढा."

मला यातही वास आला. दोघांनी मिळून नाटक तर बसवलं नाही ना? तरी सेल्वी काउंटरवर आली. थोड्याच दिवसांत पट्टीश्वरमची एक वधूमाय तिच्याकडे बघून मला म्हणाली, "दुसरी कुणी नाही का? कलर असलेली?"

सेल्वीचा हात जरीवरच थांबला. मागून गोदाक्का म्हणाली, "कलर पाहिजेत ना? सेल्वी, अम्मांना आणखी कलर दाखव. तो मोरपंखी काढ, तो डाळिंबी काढ."

बाई उठून गेली. मालकांनी गल्ल्यावरून सगळं पाहिलं होतं. रात्रभर मी धरून चालले होते, की आता दोघीही गेल्या. सकाळी येऊन बघते तर दोघीही हजर! मालक काही बोलले नाहीत. ते का बोलले नाहीत, याचा संशय मला अजून आहे.

मी म्हटलं, "जिंकलीस गे गोदाक्का."

ती उलट माझ्याकडेच संशयानं बघायला लागली. "जिंकले? मग गोदामात आता कोण आहे?"

सेल्वीनंच उत्तर दिलं. "हिंदी."

ओडिशाहून आलेल्या नव्या पोरीला आम्ही तेवढंच म्हणायचो. गोदाक्कानं विचारलं, "हिंदी काय? नाव काय तिचं?" आणि स्वतःच थबकली. काल तिनंही "ए हिंदी" म्हणूनच हाक मारली होती. कपाळावर हात मारून तशीच गोदामात गेली. पोरीचं नाव झरणा. आणि तिची भाषा ओडिया, हिंदी तिलाही धड येत नव्हती!

"माझ्यावर नजर ठेव गे," गोदाक्का मला म्हणाली. "मी अस्कं शिकले असं ज्या दिवशी म्हणेन, त्या दिवशी मी झोपले म्हणून समज."

तिच्यावर नजर मी पहिल्यापासून ठेवूनच होते. आता तिच्या सांगण्यावरून ठेवू लागले, एवढाच फरक.

यंदा ती गेली. तेराव्याला तिच्या घरी दुकानातली माणसं जमली. केळीची पानं मांडली होती. तिच्या मुलानं भाताचं पातेलं उचलत विचारलं, "आली का अस्की?"

"आली. वाढ," मी म्हटलं.

सेल्वीला मराठी येत नाही. एवढं एकच वाक्य ती ऐकून ऐकून शिकली होती. पानावरून न उठता माझ्याकडे बघत म्हणाली, "अस्की मणजे कोण कोण, अक्का?"

मी पानांवरून नजर फिरवली. झरणाला दुकान राखायला ठेवून आलो होतो.

पातेलं खाली ठेवायला लावलं, आणि पायांत चपला सरकवून मीच दुकानाकडे निघाले.