दाजींचं धप-टिस

आमच्या दाजींना कुठलंही गाणं शेवटपर्यंत ऐकताना मी कधी पाहिलं नाही. दहा-पंधरा सेकंद झाले की बोट माउसवर जायचं, गाणं कापलं जायचं आणि दुसरं सुरू व्हायचं. घास तोंडाशी न्यावा आणि कुणी ताट ओढावं, तसं ऐकणाऱ्याला व्हायचं. ऐकणारा म्हणजे बहुतेक वेळा मीच. आणि ही गाणी तरी कसली? ना शब्द, ना गाणारा. यंत्रावर तयार केलेला ठेका, तोही परमुलखातला. दाजींना त्याला गाणं म्हटलेलं चालायचं नाही. "ट्रॅक म्हना, पावणं. गान्यात कुनीतरी गात असतंय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राहणार निरगुडसरचे, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात. पत्र्यावर अवजड प्रेस आदळून गाड्यांचे भाग बनवायचे, हे तिथलं काम. एकदा तिथे नवी प्रेस बसवायला परदेशातून एक इंजिनिअर आला. तो होता तोवर दाजी त्याच्या हाताखाली होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे त्यांचं उत्तम जमलं. जाताना त्यानं दाजींना असल्याच ट्रॅकनी भरलेला एक पेनड्राइव्ह दिला. दुसऱ्या कुणी तो पुसून त्यात लग्नाचे फोटो भरले असते. दाजी मात्र ते मोबाइलमध्ये भरून घेऊन मंचरहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कानात वायरी घालून तो धपधपाट ऐकायला लागले आणि त्यातच अडकले.

यात तुम्हाला सापडतं तरी काय, असं मी एकदा वैतागून विचारलं. तर म्हणाले, "ह्यात कुनी काय सांगत न्हाई, राव. घरी तुमची आक्का सांगती, कंपनीत सुपरवायझर सांगतोय, टीव्हीवाला तर दिवसभर सांगतोय. हे बिचारं आपलं वाजतंय." मीही जुन्नरच्या एका शाळेत कारकून आहे. दिवसभर मला काय काय सांगितलं जातं ते माझं मला माहीत.

भाचा नोकरीला पुण्यात गेला आणि त्याचा कॉम्प्युटर दाजींच्या ताब्यात आला. तिथून निवडणं सुरू झालं. इंटरनेटवरून उतरवलेला, कुणाकुणाकडून आणलेला सगळा माल प्रकारांप्रमाणे वेगळा करून ज्याच्या त्याच्या फोल्डरात ठेवायचा. आमच्याकडे कांदा निवडतात तसा. हाउस, टेक्नो, ट्रान्स अशी त्या प्रकारांची नावं होती. त्यांच्या व्याख्या इंटरनेटवर पानंच्या पानं भरून होत्या, पण दाजींनी त्या आपल्या हिशेबानं सोप्या करून घेतल्या होत्या. खाली ढोलासारखा वाजतो तो धप. दोन धपांच्या मध्ये झांजेसारखी बारीक वाजते ती टिस. "धप आन टिस दोन्ही असलं का हाउस. नुसता धप असला का टेक्नो. आन दोन्हीच्या वर रडारड असली का ट्रान्स." जाणत्यांना हे कितपत पटेल मला ठाऊक नाही. पण दाजींचा अख्खा संसार त्या व्याख्येवर उभा होता.

दिवाळीत आक्काला माहेरी न्यायला मुराळी म्हणून मी जायचो. आमच्या पिंपरी पेंढारहून गाड्या बदलत निरगुडसरला पोचेपर्यंत अंगाचा पार पिट्ट्या पडलेला असायचा. आक्काचं आवरेपर्यंत जरा आडवं व्हावं म्हटलं, तर दाजी खुर्ची सरकवून तयार. "बसा पावणं. तुमचा कान ताजा हाय. ह्यो कुठं टाकायचा सांगा." वर्षभर शाळेत फायली लावायच्या आणि दिवाळीत दाजींचे ट्रॅक निवडायचे, असं माझं सुखाचं आयुष्य होतं.

त्यांचा एक नियम होता: एका ट्रॅकचं एकच घर. दोन फोल्डरांत एकच ट्रॅक ठेवलेला त्यांना खपायचा नाही. "मग त्यो पाव्हना झाला, घरचा न्हाई ऱ्हायला," असं मला, घरी आलेल्या पाहुण्यालाच, ते खुशाल ऐकवायचे. एका वर्षी त्यांना शोध लागला की टेक-हाउस नावाचा एक प्रकार आहे आणि तो निम्मा हाउस, निम्मा टेक्नो असतो. झालं! ती भाऊबीज आम्ही सगळ्यांनी कशी काढली ते विचारू नका. दोन्ही फोल्डर पुन्हा पहिल्यापासून उपसले गेले. आक्का पिशव्या भरून दारात बसली होती आणि आत आमचा वाद चालला होता की ही टिस खरी टिस धरायची की नाही. आमची गाडी चुकली, ती चुकलीच.

"पण दाजी, ऐकायचं कधी?" हे मी दर वर्षी विचारायचो. दर वर्षी एकच उत्तर यायचं. "एकदा समदं निवडून होऊ द्या. रिटायर झालो का मग निवांत बसून ऐकू. अख्खं ऐकू." हे 'निवांत' त्यांचं फार लाडकं होतं. नवा सोफा आणला, त्याचं प्लास्टिक निवांत काढायचं होतं. आक्काला समुद्र दाखवायला कोकणात निवांत न्यायचं होतं. सोफ्यावर बसलं की प्लास्टिक अजून करकरायचं, आणि समुद्र आक्कानं टीव्हीवरच पाहिला होता.

आक्काचा या सगळ्यावर राग होता, आणि मला तो पटायचा. माहेरी आली की ती माझ्याकडे तक्रार मांडायची, "अरे बापू, मी हाका मारमारून थकते. माणूस ढिम्म हलत न्हाई. कानात वायरी नसल्या तरी बी न्हाई. मुद्दाम करत्यात." पुढे पुढे तिनं हाका मारणंच सोडलं. ताट वाढायची आणि भांडं जमिनीवर आपटायची. दाजी उठून यायचे आणि मुकाट्यानं जेवायचे. त्या घरात आता भांडण राहिलं नव्हतं, पण बोलणंही उरलं नव्हतं. पाहुणा म्हणून जाणाऱ्यालासुद्धा तिथं बसणं जड व्हायचं.

मग ती दिवाळी आली. दाजी नुकतेच निवृत्त झाले होते. मला वाटलं, आता निवांतपणा सुरू झाला असेल. पण खुर्ची तयारच होती. त्यांनी टेक्नोचा फोल्डर उघडून एक ट्रॅक लावला. मी सहज म्हणालो, "दाजी, हा हाउसमधला. यात टिस आहे."

"कुठंय?"

"ही काय, सारखी वाजतेय."

त्यांनी आवाज वाढवला. कपाटाच्या काचा थरथरायला लागल्या. "न्हाई," ते म्हणाले. दुसरा लावला. त्यातही टिस होती. तिसऱ्यातही. अलीकडं त्यांनी टेक्नोत टाकलेल्या निम्म्याअधिक ट्रॅकमध्ये टिस होती. माझी खेचतायत असं समजून मी हसायला लागलो. ते हसत नव्हते. म्हणून मी हाउसचा जुना फोल्डर उघडला आणि त्यांनीच फार पूर्वी तिथं ठेवलेला एक ट्रॅक लावला. इंजिनिअरच्या पेनड्राइव्हमधला, त्यांचा पहिला. दाजी स्क्रीनकडे पाहत ऐकत राहिले. दहा सेकंद झाले, मिनिट झालं, पण बोट माउसकडे गेलं नाही.

"ह्यात व्हती टिस," ते म्हणाले. "काढली कुनी?"

तेवढ्यात आक्का चहा घेऊन दारात आली. मी ट्रॅक बंद केला होता, खोलीत काही वाजत नव्हतं. "अहो, चहा," ती म्हणाली. दाजींनी मान वळवली नाही. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. दाजी तसेच स्क्रीनकडे पाहत होते. मी आक्काकडे पाहिलं, आक्कानं माझ्याकडे. ती कप हातात धरूनच उंबऱ्यात खाली बसली. "अगं बाई," ती म्हणाली, "आन मी किती भांडले रे ह्यांच्याशी."

मंचरच्या डॉक्टरांनी कान तपासले. प्रेसच्या दणक्यानं हे होतं, म्हणाले. आधी बारीक, चिरके आवाज जातात, बायकांचं बोलणं पुसट होतं, मग हळूहळू बाकीचं. गेलेलं परत येत नाही. कानात घालायचे बोळे मिळत नव्हते का, असं त्यांनी विचारलं. मिळत होते, ते दाजींच्या शर्टाच्या खिशात असायचे. "कान बंद केल्यावर मशीन काय म्हनतंय ते कसं कळनार?" असं दाजींनी डॉक्टरांनाच विचारलं. ऐकू येण्याचं यंत्र आणलं. ते लावलं की कुणीतरी डोक्यात भांडी घासतंय असं वाटायचं म्हणे. ते डबीत गेलं ते कायमचं. मला त्या दिवसांत दाजींचा राग यायचा आणि रडूही यायचं. सगळी उमर निवडण्यात घालवली आणि ऐकायची वेळ आली तेव्हा कान चालले.

पुढच्या दिवाळीला गेलो तर कॉम्प्युटरवर सगळं मोडून टाकलेलं. हाउस नाही, टेक्नो नाही, ट्रान्स नाही. दोनच फोल्डर होते. एकाचं नाव 'येतं ऐकू' आणि दुसऱ्याचं 'येत न्हाई'. आणि दाजी चक्क अख्खे ट्रॅक ऐकत होते. स्पीकर ओटीवर आणून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "मधी कुठंतरी आला आवाज तर?" ते म्हणाले. "शेवटापत्तूर थांबल्याबिगर कसं टाकनार त्या दुसऱ्या फोल्डरात?" आक्का शेजारी शेंगा फोडत बसलेली असायची. आता ती हाक मारत नव्हती; खांद्याला हात लावायची, समोर जाऊन बोलायची. सोफ्याचं प्लास्टिक काढलेलं मी त्याच वर्षी पाहिलं. पहिला फोल्डर मात्र प्रत्येक खेपेला लहान झालेला असायचा.

कोकणातही जाऊन आले दोघं. समुद्र कसा वाटला, मी कागदावर लिहून विचारलं. "लई मोठा धप," दाजी म्हणाले. आक्का हसली.

पहिला फोल्डर रिकामा होत आला तेव्हा दाजींनी हार्ड डिस्क माझ्या पिशवीत घातली. "हे तुमी न्या, पावणं. मी समद्याचं दहा-दहा सेकंद ऐकलंय. फुडं काय व्हतंय ते मला ठावं न्हाई. तुमी ऐका आन मला कळवा." शब्द नसलेल्या गाण्याचं काय कळवायचं असतं? पण नाही म्हणवेना. मग पिंपरी पेंढार ते जुन्नर, एसटीत जाता-येता, मी ते थोडं थोडं फोनमध्ये भरून ऐकायला लागलो आणि दाजींना लिहून पाठवायला लागलो. 'मध्ये थांबतं. वाटतं संपलं, पण पुन्हा धप सुरू होतो.' 'हे सगळं सारखंच आहे, कंटाळवाणं आहे.' काहीही पाठवलं तरी दाजींचं उत्तर ठरलेलं असायचं. 'टिस हाय का?' मी लिहायचो, 'हाय.' मग अंगठा यायचा.

गेल्या पावसाळ्यात दाजी गेले. झोपेतच गेले. निरगुडसरला सगळं आटोपून मी परत आलो, शाळा सुरू झाली, फायली सुरू झाल्या. डिस्क निम्मीसुद्धा ऐकून झालेली नाही. खरं सांगतो, मला हे संगीत आजही आवडत नाही. दिवसभराच्या कामानं डोकं आधीच भणभणलेलं असतं, त्यात हे. पण मध्येच तोडायला बोट पुढे होत नाही. शेवटपर्यंत ऐकतो आणि दाजी नाहीत याचं फार वाईट वाटतं.

परवा संध्याकाळी एसटीत एक ट्रॅक संपला आणि सवयीनं दाजींच्याच नंबरावर लिहून गेलो, 'संपलं. शेवटी नुसतं वाऱ्यासारखं वाजतं.' पाठवल्यावर भानावर आलो. दाजींचा फोन आता आक्काकडे असतो. तिला उगाच त्रास दिला असं वाटून मी फोन खिशात घालणार, तेवढ्यात उत्तर आलं.

'टिस हाय का?'

मी लिहिलं, 'हाय, आक्का.'