दाढेवरचा आळ

"तुमची दाढ ठणठणीत आहे. मी ती काढणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी माजलगावच्या त्या दवाखान्यात गेलो होतो दाढ काढून घ्यायलाच. दोन महिने उजवा गाल कानापर्यंत ठणकत होता. भाकरी चावली की टक आवाज यायचा. गुन्हेगार दाढच, अशी माझी खात्री होती.

बाईंनी आधी छातीत दुखतं का, दम लागतो का, ते विचारलं; हृदयाचं दुखणंही कधी जबड्यात येतं म्हणे. मग तपासून, एक्स-रे काढून त्या म्हणाल्या, "टेम्पोरोमँडिब्युलर डिसऑर्डर." एवढं लांब नाव ऐकून मी खुर्ची घट्ट धरली. त्यांनी माझीच बोटं माझ्या कानांपुढं ठेवायला लावली. "आता तोंड उघडा, मिटा." उजव्या बोटाखाली काहीतरी सरकलं. तो जबड्याचा सांधा. पन्नास वर्षं मी या तोंडानं अखंड बोलतोय, पण त्याची बिजागरी कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

उभी तीन बोटं तोंडात मावायला हवीत. माझी दोनच जेमतेम गेली.

"काम काय करता?"

"मोंढ्यात धान्याची आडत आहे. मालाचा ओलावा बघतो."

"कशानं?"

"दाढेनं."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

सोयाबीनचा दाणा दाढेखाली धरला की वाळलेला कट्‌कन फुटतो, ओला चपटा होतो. माझे वडील असंच बघायचे. ओलावा मोजायचं मशीन आमच्याकडंही आहे, पण फडक्याखाली झाकलेलं. दाढेवर विश्वास ठेवून लोक माल आणतात, आणि त्या विश्वासाचा मला भारी तोरा. हंगामात दिवसभर कट्‌ कट्‌, तेही फक्त उजवीकडं.

वर माझा घरगुती इलाज. दाढ कमजोर झाली असेल, तिला व्यायाम हवा, म्हणून मी आठ दिवस त्याच बाजूनं फुटाणे चावले होते. हे सांगितल्यावर बाई तोंड फिरवून हसल्या. मग म्हणाल्या, "दाणे चावणं बंद. नाहीतर हा सांधा एक दिवस अडकून बसेल."

दाढ गेली असती तर डावीकडची होती. चावणंच गेलं तर मोंढ्यात मला विचारणार कोण?

घरी सहा आठवड्यांचं काम दिलं. भाकरी आमटीत कुस्करून. सकाळ-संध्याकाळ गालावर ओलं गरम फडकं. जिभेचं टोक वरच्या दातांमागं टाळूला टेकवायचं आणि ते सुटणार नाही इतकंच तोंड हळू उघडायचं, आरशासमोर. माझा जबडा अडेल बैलासारखा उजवीकडं ओढायचा. आणि सगळ्यात नवल म्हणजे, ओठ मिटलेले असले तरी आत दात एकमेकांना टेकवायचे नाहीत. जेवणाखेरीज त्यांची गाठ पडायचं कारणच नसतं म्हणे.

मला नाद लागला स्वतःला पकडायचा. मोबाइल बघताना दात आवळलेले. मोटारसायकलवर आवळलेले. बायको बोलताना तर हमखास.

"माझं ऐकताना दात कशापायी आवळता?" तिनं विचारलं.

"सवय."

"मग सैल सोडून ऐका. कदाचित कळंल तरी."

आडतीसमोर फळांचा गाडा लावणारे रहीमभाई रोज पपईची फोड पाठवायचे. "शेठ, लई नरम हाय. पर जांभई बेतानं द्या, हनुवटीला हात लावून." हे त्यांना कुणी शिकवलं? मीच. पाचव्या आठवड्यापर्यंत मी अख्ख्या मोंढ्याला कानापुढं बोटं ठेवायला लावली होती.

पहिले आठ दिवस काहीच फरक नव्हता. मग सकाळचा ठणका कमी झाला. टक आवाज अधूनमधून अजून येतो. दुखत नसेल तर त्याला भ्यायचं नाही, असं बाई म्हणाल्या. सहाव्या आठवड्यात तिसरं बोट आत गेलं. तुमचंही असं दुखत असेल तर माझं बघून व्यायाम सुरू करू नका, आधी दाखवून घ्या. जबडा अडकला, सूज किंवा ताप आला, तर घरी थांबूच नका.

मग सोयाबीन आलं. वडिलांच्या वेळेपासून माल घालणारे लिंबाजीआबा पोत्याशी उभे राहिले. मी मशीनवरचं फडकं काढलं.

"त्ये न्हाई. दाढंखाली घे. तुज्या बापानं कदी मशीन लावली न्हाई."

"डॉक्टरनं बंद केलंय, आबा. तुम्हीच चावून बघा."

"माज्या तोंडात दात कुटं हायत?" आबांनी बोळकं उघडून दाखवलं. हमाल खो-खो हसले.

हसू ओसरलं तरी आबा तसेच उभे. मी मूठभर दाणे उचलले. सवयीनं हात तोंडाकडं निघाला, वाटेत थबकला, आणि कानाशी गेला. इतके महिने त्याच कानात जबड्याचा टक आवाज ऐकत होतो. मूठ हलवली. दाणे खणखणीत वाजले.

"वाळलंय, आबा."

मशीननंही तेच सांगितलं. आबांनी मशीनकडं पाहिलंसुद्धा नाही. मूठभर दाणे घेऊन त्यांनी स्वतःच्या कानाशी हलवले. "तुज्या बापाला सुचलं न्हाई हे," म्हणाले, आणि पुढच्या पोत्याची सुतळी सोडायला लागले.

मी मागितल्याबरोबर बाईंनी दाढ काढून हातात दिली असती, तर मी खूश होऊन घरी आलो असतो आणि दुसऱ्या दिवसापासून डावीकडून चावायला लागलो असतो.