तिसऱ्या भागात रखमा फार बोलते

कांबळे काकांनी तिसऱ्यांदा स्किप दाबलं. मी त्यांच्या मागे वही घेऊन उभी होते. स्किप झालेले सगळे संवाद मी लिहिलेले होते.

नाशिक रोडच्या एका छोट्या गेम स्टुडिओत मी गोष्टी लिहिते. आमच्या मोबाईल गेमची नायिका रखमा, सुरगाण्याकडच्या डोंगरात टपाल वाटणारी. दोन भाग छान चालले. तिसऱ्याची प्लेटेस्ट सुरू होती. म्हणजे बाहेरच्या माणसाला खेळायला बसवायचं आणि आपण गप्प बघायचं. काका निवृत्त कारकून, आधीचे दोन्ही भाग आवडीने खेळलेले.

"कंटाळा आला का काका?" शेवटी मी विचारलंच.

"कंटाळा नाही हो मॅडम, पण रखमा फार बोलायला लागलीय. पहिल्या भागात तिची आई गेली, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात दोन ताटं असायची. एक दिवस टपाल वाटून आलो, तर एकच. मी मोबाईल खाली ठेवला होता. आता तेच ती चार मिनिटं सांगते."

ती चार मिनिटं म्हणजे कटसीन, खेळ थांबवून दाखवलेला सिनेमा. मी त्यावर दोन महिने घालवले होते. राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही भाग ओळीने खेळायला बसले. पहिल्यात गोष्ट आपल्याला सापडते. दुसऱ्यात गावकरी सांगतात, पण थांबून विचारलं तरच. तिसऱ्यात नुसतं बघत बसायचं. दुपारपर्यंत राग उतरला.

आमच्या बॉसकडे, समीर सरांकडे गेले. "सर, तो कटसीन काढून टाकूया."

"अहो, ॲनिमेशन पूर्ण झालंय! आणि पहिल्या भागात कटसीन नव्हते, कारण आपल्याकडे ॲनिमेटरच नव्हता."

"तरी तीच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली ना?"

सर हसले नाहीत. "एक आठवडा घ्या. काकांना नाही पटलं, तर जुनंच जाईल."

मी रखमाच्या थैलीत आईच्या नावाचं एक पत्र टाकलं. बाकीची वाटून संपतात, हे उरतं. कुठे द्यायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. संवाद एकही नाही.

काका पुन्हा आले. पत्रावरचं नाव वाचून त्यांनी स्क्रीनवरून अंगठा उचलला. मग रखमाला घरी नेऊन पत्र चुलीजवळ ठेवलं.

"कटसीन काढा," माझ्या शेजारी उभे असलेले समीर सर हळूच म्हणाले.

तिसरा भाग आता बाहेर आलाय. पत्र कुठे ठेवलं ते लोक आवर्जून कळवतात, आणि सर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवतात.

संवाद चांगला असणं वेगळं आणि तिथे त्याची गरज असणं वेगळं, एवढं मी शिकले. कटसीनची काढून टाकलेली माझी पानं कॉम्प्युटरवर पडून आहेत. कधीतरी उघडून वाचते. चांगली आहेत.