भानुदासचा उलटा हात

माझा मेहुणा भानुदास यानं मला पहिल्यांदा मारलं ते माझ्या लग्नात. अक्षता पडून गेल्या होत्या, मी मुंडावळ्या बांधून उभा होतो. उन्हानं गरगरलं म्हणून मांडवाचा लोखंडी खांब धरायला हात पुढं केला. तेवढ्यात मिसरूड फुटलेलं एक पोरगं कुठून तरी धावत आलं आणि माझ्या मनगटावर असा तडाखा दिला की दुसऱ्या हातातला नारळ बायकांच्या घोळक्यात जाऊन पडला. तळहातानं नाही मारलं. उलट्या हातानं, बोटांच्या गाठींनी.

नवरदेवाला मारल्यावर आमची माणसं बघत बसतात होय? माझ्या चुलत्यानं त्याच्या कानाखाली ठेवून दिली. त्याच्या मामानं चुलत्याचा पटका ओढला. भाजीची पातेली उडाली, एकाचं डोकं फुटलं. भानुदास मार खात एकच ओरडत होता, "खांबात करंट हाय बे! खांबात करंट हाय!" कोण ऐकतंय. मग कुणाच्या तरी लाथेनं पाण्याचा हंडा लवंडला, पाणी खांबापर्यंत गेलं आणि तिथं पत्रावळी चाटत असलेलं कुत्रं एकदाच केकाटलं, आडवं झालं ते उठलंच नाही. दिव्यांच्या माळेची तार सोलून खांबाला चिकटली होती. मारामारी तिथंच थांबली.

भानुदास नाकातलं रक्त बाहीला पुसत माझ्याजवळ आला. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, तो चेष्टेचा रिवाज. यानं चेष्टा केली नाही. कान मुळापासून पिरगाळला आणि म्हणाला, "दाजी, आक्काच्या अंगाला हात लावला तर हा कान उपटून घिऊन जाईन."

मी कधी लावला नाही. मायेनं म्हणा, भीतीनं म्हणा.

भानुदास वायरमन होता. परळीला एका ठेकेदाराच्या हाताखाली शिकला आणि मग घाटनांदूरच्या आसपासच्या खेड्यांतून मोटारी, मीटर, पिठाच्या गिरण्या अशी कामं करत फिरला. त्याची एक खोड होती. कुठल्याही वस्तूला तो आधी उलटा हात लावायचा. मोटारीला, नळाला, लोखंडी कपाटाला, चहाच्या किटलीला, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला. म्हणायचा, "तळहात लावला की मूठ आवळती, दाजी. मग करंट माणसाला सोडत न्हाई. उलटा हात लावला की फेकून देतंय. तारेवर इस्वास ठिवायचा न्हाई, माणसावर तर न्हाईच न्हाई." हे तो प्रत्येकाला एकदा सांगायचा. दुसऱ्यांदा सांगत नव्हता, मारायचा. एकदा आमच्या सरपंचानं बोअरच्या पेटीत सरळ हात घातला. भानुदासनं त्यालाही हाणलं. सरपंच लाल झाला. "भान्या, मी कोण हाय म्हाईत हाय का तुला?" हा म्हणाला, "आता घडीभरात मयत झाला असतास. सरक."

पण हाच हात तो बायकोवरही उचलायचा, आणि तिथं काही करंट नव्हता. मेलेल्या माणसाचं चांगलंच लिहावं म्हणतात, मला ते जमणार नाही. प्यायचा आणि मारायचा. एकदा तिचा दात पडला. ती लेकीला घेऊन युसूफ वडगावला माहेरी गेली आणि परत आली नाही, बरं केलं. माझ्या बायकोला, गयाला, हे कळलं तेव्हा तिनं चुलीतलं जळकं लाकूड उपसलं आणि सख्ख्या भावाला अंगणात बडवलं. भानुदास खाली मान घालून बसला होता. "मार आक्का. आजून मार." गया मारून दमली आणि मग तिथंच बसून रडली. तो उठला आणि गुत्त्यावर गेला.

गुत्त्यावरची दारू कशाची असते ते पिणाऱ्याला माहीत नसतं आणि विकणाऱ्याला सांगायचं नसतं. भानुदासच्या जोडीला बसणारा एक माणूस सकाळी उठला तो दिसत नाही म्हणून ओरडत, आणि दुपारी मेला. त्याच भांड्यातलं भानुदासही प्याला होता. रक्त ओकत पडला होता, तिथून गयानं त्याला केसाला धरून ओढत आणलं. सगळं गाव बघत होतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, लिव्हर गेल्यात जमा आहे, आता गुत्त्यावर गेला तर घरी आणू नका, तिकडूनच न्या. घरी आल्यावर गया त्याला म्हणाली, "पिल्याबिगर ऱ्हात न्हाईस ना? मग माझ्या हातचं पी. माझ्या दारात बसून पी. मी दिईन तेवढंच."

त्यांच्या आईच्या घरी गूळ आणि बाभळीची साल पाण्यात आंबवायचे. भट्टी नाही, नवसागर नाही, नुसतं आंबवलेलं पाणी. सडवा म्हणायचे त्याला. मी म्हणालो, "घरात दारू गाळणार का आता?"

"गाळत न्हाई, आंबवते. तुमचा भाऊ असता तर काय केलं असतं?"

मला भाऊ नाही.

पण आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पहिला सडवा उतला आणि त्याचा सिरका झाला. दुसऱ्याला असा वास सुटला की शेळ्या दावं तोडायला लागल्या. गया म्हणाली, "ह्याला गारवा पायजे. लई गार बी न्हाई, थंडीतल्या सकाळसारखा." भानुदास परळीला गेला आणि भंगारातून एक जुना फ्रीज थर्मलची राख वाहणाऱ्या ट्रकवर टाकून घेऊन आला. त्याच्याबरोबर एक हातभर वायर लोंबणारी छोटी डबी. तिला टेम्परेचर कंट्रोलर म्हणतात. आत काय ते मला कळत नाही, पण तिच्या तोंडावर लाल आकडे दिसतात आणि लोंबत्या वायरीच्या टोकाला सेन्सर असतो, तो भांड्याला चिकटवायचा.

ते जोडताना त्यानं मला धरायला बसवलं होतं म्हणून आठवतंय. फ्रीजची वायर मधून कापली. लाल तार डबीतून घेतली, काळी सरळ फ्रीजला नेली. मी म्हणालो, काळी घेतली डबीतून तर काय बिघडतं? त्यानं पकडीनं माझ्या गुडघ्यावर हाणलं. "लाल म्हंजी फेज, करंट आणणारी. तीच तोडायची, दाजी. काळी तोडली तर फ्रीज बंद दिसंल आन आत करंट बसून ऱ्हाईल. बंद दिसणाऱ्या गोष्टीनंच माणूस मरतंय." फळ्या काढून आत दुधाचा स्टीलचा कॅन ठेवला, सेन्सर त्याच्या पोटाला टेपानं चिकटवला आणि वरून फडकं गुंडाळलं. आकडा लावला. कॅन तापला की डबीत टक् वाजायचं आणि फ्रीज घुरघुरायला लागायचा. गार झाला की परत टक्.

मग हिरवी तार. ती फ्रीजच्या अंगाला कसली आणि खिडकीतून मागं नेली. न्हाणीच्या पलीकडं खड्डा खणला, त्यात लोखंडी पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. "जुना फ्रीज हाय, आक्का. अंगातून करंट गळणार. तो ह्या तारंनं जमिनीत जाईल. पर जमीन वली पायजे. कोरडी पडली तर जायला जागा न्हाई, मग जो हात लावंल त्याच्यातून जाईल." गयानं ते ऐकलं आणि दुसऱ्या सकाळपासून तिचा नेम झाला. तुळशीला तांब्या, अर्थिंगच्या खड्ड्याला घागर. टँकरचं पाणी रांगेत उभं राहून आणायचे दिवस असले तरी ती घागर चुकली नाही. मी एकदा कुरकुरलो. म्हणाली, "तुमच्या अंघोळीची घागर देते मग."

संध्याकाळी ती त्याला एक पेला द्यायची. एकच. दुसरा मागितला तर पळी उगारायची आणि कधी कधी नुसती उगारायची नाही.

गुत्तेवाल्याला हे सोसलं नाही. भानुदासचं बघून आणखी दोघं-तिघं त्याच्याकडं जायचे बंद झाले होते. एका दुपारी तो दोन माणसं घेऊन अंगणात आला. "आता बाई बी धंदा करायली का?" असं म्हणून घरात शिरला आणि फ्रीजला लाथ घातली. भानुदासनं त्याला मागून धरून तोंडावर आपटलं. ती दोघं भानुदासवर पडली, एकानं त्याच्या बरगडीत दगड घातला, मी मधे पडलो तर माझा चष्मा गेला आणि भुवई फाटली. तेवढ्यात गया मुसळ घेऊन आली. ज्या हातानं गुत्तेवाला उठून फ्रीजचं दार उपटत होता त्या मनगटावर तिनं मुसळ घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते लोक गेले. तक्रार त्यांनीही केली नाही, आम्हीही केली नाही. दोघांचंही काम दारूबंदीच्या एकाच कलमातलं. भानुदास अंगणात पडल्या पडल्या हसत होता, तोंडातून रक्त येत होतं. "आक्का, तुझं मुसळ बी उलट्या हातानं मारतंय."

त्या संध्याकाळी माझ्या भुवईला हळद लावताना गया मला म्हणाली, "मी असेस्तोवर ठीक हाय. माझ्या मागं ह्याला तिकडं जाऊ दिऊ नका."

तिच्या मागं मी राहीन असं मला वाटलंच नव्हतं. या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ज्वारी निवडता निवडता ती सुपावर कलंडली. मी पाणी आणेपर्यंत गेली होती. भानुदासनं खांदा दिला. तेरावा होईपर्यंत तो थेंबभर प्याला नाही. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सोप्यात येऊन बसला. डोळे सारखे रस्त्याकडं जात होते. रस्ता गुत्त्याकडं जातो. मला गयाचं बोलणं आठवलं. तिनं जायच्या आधी लावलेला सडवा फ्रीजमध्ये होता, डबी आपली टक् टक् करत होती. याला घरातच पेला द्यावा म्हणून मी पेला विसळला आणि ओल्या पायानं, ओल्या हातानं फ्रीजकडं गेलो. भानुदास मागून आला. त्यानं माझ्या आधी फ्रीजला उलटा हात लावला आणि त्याचा हात असा उडाला की भिंतीवर आपटला. माझा हात दाराच्या मुठीवर पडणार तोच त्यानं मनगटावर मारलं. लग्नात मारलं होतं तसंच, तिथंच. पेला लांब गेला.

त्यानं बोर्डाचं बटण बंद केलं, मागं गेला आणि खड्डा बघून आला. माती भेगाळली होती. मीठ वर आलं होतं.

"पाणी कोण घालतंय?"

"ती घालायची."

"आन आता?"

तेव्हा तो ओरडला, "माझी आक्का तुमच्याजवळ ऱ्हाऊन मेली!" आणि मी त्याला मारलं. जन्मात पहिल्यांदा. तोंडावर, मूठ वळून. "तुझ्या सडव्यापायी राबून मेली, भान्या! तुझ्यापायी!" त्यानं मला अंगणात ओढलं. मी त्याचे केस धरले, जिथं ती धरायची तिथंच. आम्ही दोन म्हातारी माणसं मातीत लोळत एकमेकाला बुक्क्यांनी मारत होतो. त्याचा ओठ फाटला, माझा दात हलला. शेजारी कुंपणाशी उभे होते, कुणी सोडवायला आलं नाही. शेवटी हातात जोर राहिला नाही म्हणून थांबलो.

तो उठला. आत जाऊन कॅन उचलून घेऊन आला. फडकं काढलं. वास आला, तिच्या हातचा, बिघडलेला नव्हता. डबीनं तिच्या मागं तो तसाच राखला होता. मला वाटलं आता हा कॅन तोंडाला लावणार, आणि मी अडवणार नव्हतो. तो खड्ड्याजवळ गेला, उकिडवा बसला आणि सगळा सडवा हळूहळू पाईपाच्या बुडाशी ओतला. माती फसफसत होती. "आक्का पाणी घालायची न्हवं," एवढंच म्हणाला. परत येऊन बटण चालू केलं, फ्रीजला उलटा हात लावला. हात तिथंच राहिला. "गेला जमिनीत."

त्यानंतर तो प्याला नाही. दारू सोडली आणि वाचला असं लिहायला मला आवडलं असतं. वाचला नाही. आधी त्याला बाजेला बांधावं लागलं. अंगावर मुंग्या चढल्या म्हणून किंचाळायचा, मला दंडाला चावला, तो व्रण अजून आहे. नंतर शांत झाला, पण पोट फुगत गेलं, डोळे हळदीसारखे झाले. दिवाळीच्या थंडीत तो माझ्या सोप्यात पडून असायचा आणि तिथूनच विचारायचा, "दाजी, घागर घातली का?" फ्रीज रिकामा, बंद. तरी मी घालायचो, नाहीतर शिव्या ऐकायला लागायच्या.

शेवटच्या संध्याकाळी त्यानं मला जवळ बोलावलं. "वाका जरा." मी वाकलो. त्यानं माझा कान धरला. पिळायचा जोर नव्हता, नुसता दोन बोटांत धरून ठेवला.

"ऱ्हायला की, दाजी. कान जाग्यावर."

सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा तो हलेना. मी चहा खाली ठेवला आणि त्याच्या कपाळाला उलटा हात लावला. हात तिथंच राहिला.