पाच मीटरच्या वर

ओतिलिया इश्कोत दोनदा खांबावरून अर्ध्यातून उतरली होती. दोन्ही वेळा पाच मीटरवरून. तिसरी संधी शेवटची होती.

ती नगरपालिकेच्या वीजखात्यात मीटर वाचायची. सात वर्षं. आमच्या चढावरच्या गल्ल्यांतली सगळी कुत्री तिला ओळखत. पण वर्षअखेरीला नवे मीटर बसणार होते, आणि ते आपले आकडे आपणच कळवणार होते. मीटर वाचणाऱ्यांना खात्याने एकच वाट ठेवली: वायरमनची परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. घरी ओतिलियाची आई होती आणि सहा वर्षांची लेक. नवरा कामासाठी सीमेपार उत्तरेला गेला, तो तिकडचाच झाला.

तारांचं तिला सगळं येत होतं. लेखी परीक्षेत ती पहिली आली. अडत होतं ते खांबाशी. दहा मीटरचा लाकडी खांब, बुटांना बांधलेले लोखंडी काटे, कमरेला पट्टा. वर जायचं, तार ज्यावर बांधतात तो चिनी मातीचा जुना कप काढून नवा बसवायचा, खाली यायचं. पाच मीटरवर तिचे गुडघे लटपटत. काटे आता लाकडातून निसटणार, असं वाटे. ते कधीच निसटले नाहीत. तीच उतरे.

खात्यातली माणसं तिला 'अलेलुया' म्हणत. आम्ही प्रार्थनेत तो शब्द सारखा म्हणतो, म्हणून आमच्या प्रार्थनाघरातल्या सगळ्यांनाच गावात तसं म्हणतात. ती दुसऱ्यांदा उतरली तेव्हा एक जण म्हणाला, "अलेलुयाबाई, देवाला सांगा, जरा शिडी धर म्हणावं." मुकादम फाउस्तिनो हसला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि महिन्यानंतरचा शुक्रवार दिला.

मी तिच्या घरातल्या एका खोलीत भाड्याने राहते. साहित्यातली पदवी घेऊन मला वर्ष झालं होतं. वर्षभर मी नोकरीचे अर्ज लिहीत होते आणि पाठवत नव्हते. त्यामुळे तिला शहाणपणाचं काही सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी तिची आई, मकारियामावशी, प्रार्थनाघरात साक्ष द्यायला उभी राहिली. देवाने काही केलं की उभं राहून सर्वांना सांगायचं, ही आमची रीत. मावशी म्हणाली, "प्रभूने माझ्या लेकीला नोकरी दिली. ती वायरमन झाली."

आमच्यात काही जण असं करतात. जे अजून मिळालेलं नाही त्याचे आभार विश्वासाने आधीच मानतात. पण तसं मानतोय, हे सांगतात तरी. मावशीने ते सांगितलं नाही. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बायकांनी तिथल्या तिथे शनिवारी आभाराची सभा ठरवली. पानात वाफवायचे मक्याचे तमाल कोण करणार, कोंबड्या कोण आणणार, केळीची पानं कोणाच्या परसातली, सगळं ठरलं. ओतिलिया बाकावर बसून होती. तिची मान वर झाली नाही.

घरी आल्यावर ती आईशी भांडली. मावशी चुलीपुढून हलली नाही.

"मग विश्वास म्हणजे काय गं? माझी लेक पडणार, असं सांगत फिरू?"

"माझ्याबद्दल खोटं बोललीस, आई."

"शुक्रवारी खरं होईल."

"नाही झालं तर?"

मावशीने तव्यावरची भाकरी उलटली.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. मीटर वाचायला जाई त्या दारात कोणीतरी तिचं अभिनंदन करी. एका बाईने तर तिला आपल्या दोन कोंबड्या दाखवल्या, शनिवारसाठी. ओतिलिया मला म्हणाली, "खांबाची भीती होतीच. आता तमालांचीही वाटायला लागलीये." आम्ही दोघी हसलो. मग ती रडली. राजीनामा लिहून दे म्हणाली, तुला चांगलं लिहिता येतं. मी लिहिला. तो तिने दोनदा वाचला आणि घडी करून मला परत दिला.

"बुधवारपर्यंत ठेव," ती म्हणाली.

प्रार्थनाघरातल्या बुधवारच्या सभेत ती उभी राहिली. मला वाटलं, आजारी असल्याचं सांगेल.

"माझ्या आईने आभार आधीच मानलेत," ती म्हणाली. "मला नोकरी मिळालेली नाही. मी दोनदा खाली आलेय. मला त्या खांबाची भीती वाटते. तुम्ही आनंदाने बोलता तेव्हा तर जास्तच वाटते. मका भिजत घालू नका."

मावशीने शाल तोंडावर ओढून घेतली. आमचे पाळक ओबेद आठवडाभर चपला शिवतात आणि फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "मग प्रार्थना काय करायची, पोरी? तू वर पोचावीस म्हणून?"

"नको. भीती वाटली की मला पळावंसं वाटतं. ते थांबू दे. भीत भीत का होईना, मला तिथे राहता येऊ दे. एवढंच मागा."

मग आमच्या रीतीप्रमाणे सगळे एकदम, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागले. त्या गलक्यात मावशी उठली, बाकांमधून वाट काढत गेली आणि तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. राजीनामा मी त्याच संध्याकाळी चुलीत टाकला.

शुक्रवारी मी तिच्याबरोबर गेले. मावशी आली नाही. माझ्या तोंडाचा भरवसा नाही, म्हणाली.

पट्टा आवळून झाल्यावर ओतिलिया मुकादमाकडे गेली. "फाउस्तिनोदादा, मला भीती वाटते. मी मध्ये थांबेन. थांबले म्हणून नापास लिहू नका. खाली आले तर लिहा."

त्याने नियमांचा कागद काढला आणि बोट फिरवत वाचला. "वेळेबद्दल इथे काही नाही," तो म्हणाला. "चढ."

ती पाच मीटरवर थांबली. गुडघे लटपटताना खालूनही दिसत होते. कोणीतरी म्हणालं, "लावली बघा अलेलुयाने समाधी." कोणी हसलं. एक मिनिट गेलं, मग पाच. मी भिंतीशी उभी होते. तिचे ओठ हलत होते. मी नंतर विचारलं तेव्हा तिने सांगितलं, ती एकच म्हणत होती: प्रभू, मी इथे आहे, मला भीती वाटतेय, तूही इथेच आहेस. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

अकरा मिनिटांनी तिने उजवा पाय उचलला आणि काटा वरच्या लाकडात रोवला. मग डावा. सहा मीटर. पुन्हा थांबली. सात. आता हसायचं कोणाला सुचत नव्हतं. टोकाला पोचल्यावर तिच्या हातांनी काम केलं, ते तर तिला आधीपासून येतच होतं. जुना कप दोरीने सावकाश खाली आला, नवा वर गेला. तार बांधून तिने ती दोनदा ओढून पाहिली.

ती उतरली तेव्हा तिची पाठ ओलीचिंब होती. उभं राहवेना म्हणून ती खांबालाच टेकून बसली. फाउस्तिनोने खाली आलेला कप हातात फिरवून पाहिला, कागदावर सही केली आणि तो तिच्यापुढे धरला.

"सोमवारी सहाला. नदीकाठची लाइन आहे."

"तिथले खांब किती?"

"बारा मीटर."

तिचा चेहरा पुन्हा उतरला. तिने कागद घेतला.

"सहाला येते," ती म्हणाली. "पण तिथेही थांबत थांबतच चढेन."