झग्यातली मनी

आमच्या लालबागच्या चाळीत डबा कॅमेरा एकट्या शेजारच्या काकांकडे होता. गिरणीत फिटर होते ते. माणसांचा फोटो काढताना हवालदारासारखे ओरडत, "हलू नको! श्वास रोख!" त्यांची मांजर मनी मात्र कॅमेरा दिसला की काच हुंगायला यायची. तिला ते लाडानं म्हणत, "ये गे बाय, तुका होया तशी बस." संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला त्यांनी नवा रोल नेला, बारा फोटोंत पाच निघण्यापूर्वी चाळीतच काढलेले मनीचे निघाले. चाळकरी विचारू लागले, "काय हो, ही कुठल्या समितीची?"

आमच्या सात पिढ्यांत बी. ए. झालेला मी पहिला. भाड्याचा काळा झगा घालून बाबांशेजारी फोटोला उभा राहिलो. रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि झगा संध्याकाळी परत करायचा होता. इतक्यात मनी उडी मारून माझ्या लोंबत्या बाहीत शिरली आणि तिथून डोकं काढून बघू लागली. मी किंचाळलो. काकांना राहवलं नाही, त्यांनी खटका दाबलाच.

"काका, माझ्या पदवीचं मातेरं केलंत!"

फोटो धुऊन आला. माझं तोंड वेडंवाकडं होतं, पण एरवी फोटोत खांबासारखे उभे राहणारे बाबा खदखदून हसत होते. तसे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

काका मात्र फोटो न्याहाळत हळहळले, "मनीचो एक कान फोटोच्या भायर रवलो रे. नायतर फोटो बरो इलो असतो."