कागद सासूच्या हातात दिला

डॉक्टरनं कागद मला न्हाई दिला. सासूच्या हातात दिला.

"हर्पीस निघालंय. हा बाहेरचा आजार आहे. सुनेवर लक्ष ठेवत जा."

एवढंच बोलला. पूर्णेतल्या त्याच्या दवाखान्यात बाकड्यावर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. समद्या माझ्याकडं बघायलत्या. दुसऱ्यांदा पोट पडलं म्हणून रक्त तपासलं होतं. लेकराचं दुःख कुणी इचारलं न्हाई. चाल तेवढी इचारली.

बाहेरचा म्हणं. कुठलं बाहेर? मी बाहेर गेले ती हिच्याच लेकासंगं, उसाच्या फडात. तो तोडायचा, मी मोळ्या बांधायची.

घरी आल्या आल्या सासूनं माझं ताट येगळं केलं. तांब्या येगळा. चुलीकडं फिरकू नको म्हणाली. ताडकळसच्या बाजारात तिनंच बोभाटा केला. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. नवरा खाटंवर बसून मोबाईल बघायचा. त्याचं रक्त तपासा असं डॉक्टर म्हणाला न्हाई, घरातलं बी कुणी न्हाई. मग माझं मलाच वाटायला लागलं, आपल्यातच काहीतरी घाण असंल. अंग घासून घासून धुवायची. जगूच नये असं वाटायचं, खरं सांगते.

ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी मला माहेरी आणून सोडलं. टोळीत कोयता म्हंजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या बाप्याला घेत न्हाईत. माझ्या जागी दुसरी बघायलेत, असं कानावर आलं.

मायनं मला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईनं पयलं मला बसायला खुर्ची दिली. मग इचारलं, कधी फोड आलते का? आलते की, लहानपणी. ताप येऊन गेला की ओठाला यायचे. खाली कधी? कधीच न्हाई.

बाईनं कागदावर बोट ठिवलं. ही आयजीएम नावाची तपासणी लय कच्ची, म्हणाल्या. रोग नसला तरी हाय म्हणून सांगती. ओठावरचा जंतू अन् खालचा जंतू, ह्यातला फरक तिला नीट उमगत न्हाई. दुसरी असती, आयजीजी. ती दोन्ही येगळे दाखवती. पण आकडा काठावरचा आला तर तिच्यावर बी इसवास ठिवायचा न्हाई, येगळ्या पद्धतीनं परत बघायचं. लागण नवी असली तर ती बी चुकती. सगळ्यात पक्कं म्हंजे अंगावर फोड असताना फोडाचंच पाणी तपासणं. मला तर फोडच नव्हता. लेकरू कशानं गेलं, हे बी या कागदावरून कळत न्हाई.

शेवटी म्हणाल्या, "कुणाकडून आलं, हे कोणतंच रक्त सांगत नाही."

मी तिथंच हुंदके देऊन रडले. असल्या कच्च्या कागदावर माझा संसार मोडला होता.

टोळी निघायला आली. दुसरी कुठं जमली नसंल. सासू अन् नवरा दारात आले, संगं भावकीतले बापे. म्हणं, दुसरी तपासणी करून घे, चोख निघाली तर नेतो. माय पदर डोळ्याला लावून म्हणाली, दे बाई रक्त, संसार वाचंल. माझा हात निम्मा पुढं झाला होता, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात नवऱ्याकडं बघितलं. तो आपल्या चपलेकडं बघायलता.

"ह्यांचं बी काढायचं का?" म्या इचारलं.

"बाप्या माणसाचं कशाला?" सासू म्हणाली.

"मग माझं बी न्हाई."

भावकीतला एकजण म्हणाला, लय तोंड सुटलंय हिला. हो, सुटलं. आजवर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता.

ते गेले. टोळी बी गेली. माय माझ्याशी धड बोलत न्हाई. मी लोकाच्या रानात कापूस वेचायला जाते, बाया कुजबुजत्यात. लेकरू गेलं, घर गेलं. पुढं काय व्हईल, मला ठाऊक न्हाई. रात रात डोळा लागत न्हाई.

एवढं मातर ठरलं. दुखलं-खुपलं तर माझ्या जिवासाठी रक्त देईन, अन् कागद माझ्याच हातात घेईन. पण माझ्या चालीची गवाही द्यायला एक थेंब देणार न्हाई. नवऱ्याला न्हाई, डॉक्टरला न्हाई, मायनं पाय धरले तरी न्हाई.